चिठ्ठीवरची जागा

"आबा, हा कुठं मिळाला?"

शर्वाणी माझ्या तपकिरीच्या डबीवर अशी वाकली होती की तिची वेणी चहाच्या कपात बुडाली तरी तिला पत्ता नव्हता. डबी रिकामी होती, म्हणजे तपकिरीपुरती रिकामी. आत एक कोळी होता, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. तोंड कुंकवाचं बोट ओढल्यासारखं लालभडक, पाठीवर मोराच्या मानेतला निळा पट्टा, आणि पुढच्या दोन पायांना पांढरे झुपके. डबीच्या काठाशी येऊन तो आमच्याकडे टकामका बघत होता, जणू आम्हीच त्याला कुठंतरी सापडलो होतो.

"आधी सांग, बरा आहे का?"

"बरा?" तिचा आवाज चिरकला. "आबा, हा पुस्तकातच नाही! नेमकी जागा सांगा की."

मी चहाचा घोट घेतला. "देवाच्या तळीवर. पायऱ्यांच्या डाव्या अंगाला करवंदाची जाळी आहे, तिच्यात. मला बघून दोनदा शिंकला, म्हणून दिसला."

"शिंकणं सोडून बाकीचं लिहिते," ती म्हणाली. मग बोटभर लांबीची चिठ्ठी घेऊन तिनं शिसपेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं: धामणशेत, देवाची तळी, करवंद, तारीख. शेवटी पकडणाऱ्याचं नाव, वासुदेव तुळसकर.

माझी बायको द्वारका स्वयंपाकघराच्या दारात सूप घेऊन उभी होती. तिनं चिठ्ठीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तांदूळ पाखडायला आत गेली.

ही बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा एका काजूच्या बागेत राखणदार होतो आणि शर्वाणी हुपरीकर ही कोल्हापूरची मुलगी आमच्या पडवीत राहायची. डॉक्टर होणार होती, पण सुया टोचणारी नव्हे, कोळ्यांची. आणि कोळीही जाळं विणणारे नव्हेत. हे जाळंबिळं विणत नाहीत, मांजरासारखे दबकत जातात आणि शिकारीवर झेप घेतात. त्यांना आठ डोळे असतात आणि त्यातले समोरचे दोन मोटारीच्या दिव्यांएवढे. पावसाळ्यात ती यायची, झुडपाखाली उघडी छत्री उलटी धरायची, काठीनं फांदी झोडपायची आणि छत्रीत काय पडतंय ते बघायची. पहिल्या वर्षी गावाला वाटलं, पोरगी चांगल्या घरची दिसते पण डोक्यावर परिणाम झालाय. तिसऱ्या वर्षापर्यंत बायका स्वतःहून तिला कोळी आणून द्यायला लागल्या होत्या.

माझ्याबद्दल मात्र गावाचं मत कधी बदललं नाही. वासू तुळसकर खरं बोलला तर त्या दिवशी पंचांग बदलावं लागेल, असं म्हणायचे. त्याला कारण होतं. माझ्या आजोबांनी गावावरच्या कातळी माळावर, म्हणजे सड्यावर, भेटलेल्या वाघाला तपकीर दिली, तो शिंकत शिंकत गोव्यात गेला, म्हणून आमच्याकडे वाघ उरले नाहीत, हे मी एका साहेबाला इतकं मनापासून सांगितलं होतं की त्यानं ते वहीत उतरवून घेतलं. आमच्या विहिरीतला मासा एकादशीला वर येत नाही, हेही मीच सांगितलेलं. कुणाचं काय नुकसान होतं? ऐकणारा खूश आणि सांगणाराही खूश.

पण शर्वाणीची ती चिठ्ठी होती. तिनं मला पहिल्याच वर्षी बजावलं होतं, "आबा, कोळी स्पिरिटात शंभर वर्षं टिकतो. पण चिठ्ठी नसेल तर तो नुसता मेलेला किडा. शंभर वर्षांनी कुणी चिठ्ठी वाचली तर तो माणूस सरळ त्या झाडापाशी जाऊन उभा राहिला पाहिजे."

त्याच संध्याकाळी ती दुकानातल्या फोनवरून कोल्हापूरला आपल्या सरांशी बोलली. येताना पाय ओढत आली.

"सर म्हणतात, एकट्या नरावर नवी जात मांडणारे मांडतात, मी सही करणार नाही. नुसत्या रंगाला ते भुलत नाहीत." ती ओट्यावर बसली. "नराच्या तोंडाशी दोन बारक्या मुठी असतात, आबा. ती किल्ली. मादीच्या पोटाखाली कुलूप असतं. प्रत्येक जातीची किल्ली वेगळी आणि कुलूप वेगळं. दोन्ही बघितल्याशिवाय ते मानायचे नाहीत. त्याच जागेवरून अजून एक नर आण, मादी आण, असं म्हणालेत."

"मग आण की. कोळ्यांना काय तोटा?"

"पुढच्या महिन्यात, चोवीस तारखेच्या सोमवारी ते परदेशात जाणार. तिथल्या संग्रहात जुने नमुने आहेत, त्यांच्याशी ताडून बघायचं. त्यांच्या पेटीत माझी जोडी गेली तर गेली. नाही तर..."

"नाही तर काय?" द्वारकेनं आतून विचारलं.

"नाही तर हा शेवटचा पावसाळा, काकू. पप्पांना शब्द दिलाय. यंदा काही हाती लागलं नाही तर शाळेत रुजू व्हायचं. सातवीला विज्ञान शिकवायचं."

"वाईट नाय ता," द्वारका म्हणाली.

"वाईट नाही हो. पण मला ह्याचं नाव ठेवायचंय." आणि तिनं डबीकडे असं बघितलं की मला माझ्या कपातला चहा कडू लागला.

त्यानंतर तीन आठवडे ती देवाच्या तळीवर होती. सकाळी भाकरी बांधून जायची आणि अंधार पडायच्या आत यायची. करवंदाच्या काट्यांनी हात असे ओरबाडले होते की द्वारका रोज रात्री हळद लावायची. तिनं जाळीतलं पान न् पान उलटून पाहिलं. छत्रीत हिरवे कोळी पडले, मुंगीसारखे दिसणारे पडले, एकदा एक सरडा पडला. लालतोंड्या काही पडला नाही. ती अगदीच हिरमुसली तेव्हा मी तिला धीर यावा म्हणून म्हणालो, बाय, ओढ्याच्या पलीकडे एकदा बघ, मागं मी तिथंही बघितल्यासारखा वाटतो. ती दोन दिवस ओढ्यापलीकडे गेली. मग मी म्हणालो, कदाचित जुन्या गोठ्यामागं. एक दिवस तिथं. शुक्रवारी संध्याकाळी तिनं छत्री मिटली, पुसली, आणि भिंतीला टेकवून ठेवली. मग पिशवी भरायला घेतली.

आता तुम्हाला सांगायला हरकत नाही. तळीवर मला कोळी सापडलाच नव्हता.

आमच्याकडे अळमी, म्हणजे रानातली अळंबी, जीव की प्राण. पावसाळ्यात एखाद्या जुन्या वारुळावर ती उगवतात, पांढरी, छत्रीसारखी, आणि त्यांच्या रश्श्यापुढे मटण मागं सरतं. पण कुणाचं वारूळ कुठं, हे कुणी कुणाला सांगत नाही. सख्ख्या भावाला नाही, बायकोलाही नाही. जागा बोलून दाखवली की पुढच्या वर्षी अळमी उगवत नाहीत, असं मानतात. माझ्या वडलांनी मला आमचं वारूळ दाखवलं ते शेवटच्या आजारात, तेही खाटेवरून बोटानं दिशा करून, तोंडानं एक अक्षर न काढता. मी ते चार दिवस शोधत होतो.

आणि लालतोंड्या मला त्या वारुळावर दिसला होता. शर्वाणीनं जागा विचारली तेव्हा मी विचार करून खोटं बोललो असंही नाही. अळम्यांच्या जागेवरून आलेल्या माणसाला "कुठून आलास?" म्हटलं की तोंडातून दुसरीच जागा निघते. पाय घसरला की हात पुढं येतो ना, तसंच ते.

शनिवारी सकाळी तिची पिशवी पडवीत उभी होती. एसटी अकराची. द्वारकेनं आम्हा दोघांना चहा दिला.

"बाय," मी म्हणालो, "तो तळीवर सापडला नव्हता."

तिनं वर बघितलं नाही. "हो का?"

"वर सड्याच्या उतरणीवर सापडला. एक वारूळ आहे तिथं."

"आणि तिथं तो काय करत होता, आबा? तपकीर ओढत होता?" ती हसली, पण डोळ्यांत पाणी होतं. "राहू दे. ओढ्यावर झालं, गोठ्यामागं झालं. तुम्हाला वाईट वाटतंय ते कळतंय मला. पण आता खरंच नको."

"देवाची शपथ."

"वाघाच्या गोष्टीतही तुम्ही देवाची शपथ घेतली होती."

घेतली होती खरी. पंचावन्न वर्षं मी ह्या गावाला सांगत आलो आणि गाव ऐकत आलं. आज पहिल्यांदा कुणीतरी मानावं असं वाटत होतं आणि माझ्यापाशी सांगायला खऱ्याशिवाय दुसरं काही नव्हतं. खरं कसं पटवायचं असतं, ते मी कधी शिकलोच नव्हतो.

शर्वाणी स्वयंपाकघराच्या दाराकडे वळली. "काकू, तुम्ही सांगा. हे खरं बोलतायत?"

द्वारका बाहेर आली. पदराला हात पुसत तिनं माझ्याकडे बघितलं. खरं तर माझ्याकडे नाही, माझ्या कपाकडे.

"खरा बोलतत आज."

"कशावरून?"

"च्याय निवली बघ. खोटा बोलताना ह्येंका घोटाघोटाक च्याय लागता."

मी कपात बघितलं. वर साय धरली होती.

शर्वाणीनं मनगटावरच्या घड्याळात बघितलं. "एसटी?"

"एसटी उद्या पण आसा," द्वारका म्हणाली. "चल. मी पण येतंय."

"तू कशाला?" मी चपापलो. एका दिवसात दोघींना जागा कळणार म्हणजे वडील वरून काय म्हणतील! "पाय दुखतील तुझे. घसरण आहे."

"माझ्या पायांचा माका कळता."

निघालो. ऊन आणि पाऊस लपाछपी खेळत होते. पऱ्ह्याच्या, म्हणजे पावसाळी ओहळाच्या, वर वाट फुटते तिथं मी सवयीनं डावीकडे वळलो, रानातून मोठा फेरा घ्यायला. कुणी मागून येत असेल तर चुकावा, म्हणून मी कायम तसाच जायचो.

"खंय चललास?" मागून द्वारका म्हणाली. "ही वाट जवळची." आणि ती उजवीकडची काट्यांची फांदी बाजूला सारून सरळ वर चढू लागली.

मी होतो तिथंच उभा राहिलो. शर्वाणी एकदा माझ्याकडे बघे, एकदा तिच्याकडे.

"तुका ठाऊक आसा?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"आसा ठाऊक."

"कधीपासून?"

"लगीन झाल्याच्या तिसऱ्या वर्सापासून. तुमी पाटल्या दारान गेलास, मी तुमच्या पाठसून इलंय."

"अगो, मगे बोललंस कित्याक नाय?"

ती थांबली, वळली, आणि लहान पोराला सांगावं तसं म्हणाली, "जागा बोलून दाखवली काय अळमी येनत नाय, असा तुमचेच बाबा सांगायचे. मगे कशी बोलतलंय?"

शर्वाणीनं तोंडावर छत्री धरली. छत्री हलत होती.

"आणि दोन दिस आदी मी येवन बघून जातंय," द्वारका चढता चढता सांगत होती. "कळे दिसले काय तुमका म्हणतंय, आज हवा बरी आसा, जरा फिरान येवा."

बघा आता. अळमी उगवली की मला आतून कळतं, माझ्या तळपायाला खाज सुटते, असं मी साऱ्या गावाला सांगितलं होतं. मीही ते मानत होतो.

वारुळापाशी पोचलो. कमरेएवढं जुनं वारूळ, वर एक कुड्याचं झाड वाकलेलं, खाली ओला पाचोळा. एका अंगाला अळमी उमलली होती. त्यांच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. शर्वाणीनं कुड्याखाली उलटी छत्री धरली आणि काठी मारली. एक मुंगळा पडला. दुसरी फांदी, तिसरी फांदी. तासभर झाला. मी जिथं कोळी बघितला होता ते पान दाखवलं, शेजारची पानं दाखवली. काही नाही. शर्वाणीचा चेहरा परत तळीवरच्यासारखा व्हायला लागला होता.

द्वारका एका दगडावर बसून होती. म्हणाली, "बाय, वर नको बघू. वर तो चुकान जाता. खाली बघ, सुक्या पानार. नाचता थंय."

"कोण नाचतो?"

"तुझो लाल तोंडाचो."

शर्वाणीनं छत्री खाली ठेवली. हळूच गुडघ्यांवर बसली, मग कोपरांवर, मग चिखलात पालथीच झाली. मीही वाकलो. पाचोळ्यात एक ऐनाच्या झाडाचं वाळकं पान उपडं पडलं होतं आणि त्याच्यावर तो उभा होता. पुढचे दोन्ही पाय आभाळाकडे, पांढरे झुपके थरथरत, निळी पाठ उन्हात चमकत. दोन पावलं डावीकडे, थांबला. दोन पावलं उजवीकडे, थांबला. आणि त्याच्या समोर, पानाच्या देठाशी, मातीचा एक कण बसला होता. मला तो कणच वाटला. मग त्या कणानं डोळे आमच्याकडे वळवले.

"ही..." शर्वाणी कुजबुजली, "ही मातकट? छत्रीत पडली असती तर मी हिला झटकून टाकलं असतं."

"बाईल ती त्येची," द्वारका म्हणाली. "दर वर्सा बघतंय. नाचता मेलो घटकाभर, ती ढुंकून बघणा नाय. मगे दमान गप बसता, तेवा खंय ती जवळ येता."

"तुम्ही दर वर्षी बघता? काकू, तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू तळीवर जाय होतंस. थंयले कोळी माका काय ठाऊक? आणि हंयचा सांगूचा तर..." तिनं माझ्याकडे बघितलं. "जागा ह्येंची. तोंड उघडूचा तर पयला ह्येनी."

म्हणजे तीन आठवडे ती मला बघत होती. रोज रात्री त्या पोरीच्या हाताला हळद लावत होती, आणि मी कधी तोंड उघडतो ह्याची वाट बघत होती.

शर्वाणी पालथी पडून राहिली. पाऊस आला, तिच्या पाठीवर पडला, गेला. तो नाचून दमला, पाय खाली घेऊन बसला. आणि ती मातकट एक पाऊल पुढं आली. मग आणखी एक. त्यांची गाठ पडल्यावर शर्वाणीनं दोन काचेच्या नळ्या काढल्या. एक नरावर, दुसरी मादीवर, दोन्ही बरोबर बसल्या. पाचोळ्यात मग आणखी दोन नर मिळाले, तेही द्वारकेनं दाखवले. आणखी एक मादी दिसली, ती शर्वाणीनं सोडून दिली. म्हणाली, पुढच्या वर्षीला राहू दे.

पडवीत परत आल्यावर शर्वाणीनं पहिल्या नराची नळी काढली. आतली चिठ्ठी चिमट्यानं बाहेर काढून माझ्यासमोर ठेवली. देवाची तळी, करवंद. तिनं त्यावर एक सरळ रेघ मारली आणि कोरी चिठ्ठी घेतली.

"सांगा, आबा. जागा?"

मी तोंड उघडलं आणि खरंच सांगतो, शब्द येईना. आमच्या घरात तीन पिढ्या ते कुणी उच्चारलं नव्हतं. उद्या ते छापून येणार, परदेशातले लोक वाचणार. द्वारका दाराशी उभी होती. ह्या वेळी ती आत गेली नाही.

"धामणशेत," मी म्हणालो. "वरचा सडा. उत्तरेची उतरण. पऱ्ह्यापासून दोनशे पावलं वर, कुड्याखालचं वारूळ."

तिनं सगळं लिहिलं. मग दुसरी चिठ्ठी घेतली, मातकट मादीची. जागा तीच, पान ऐनाचं, तारीख. पकडणाऱ्याचं नाव लिहायच्या आधी तिनं विचारलं, "काकू, तुमचं पूर्ण नाव?"

"माझा कशाक? पकडलंस तुया."

"बघितलंत तुम्ही."

द्वारकेनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "सांग गो. खरा काय ता सांग."

रविवारी पहाटेच्या एसटीनं शर्वाणी गेली. संध्याकाळी दुकानातून निरोप आला, म्हणून आम्ही दोघंही धावत गेलो. फोनवर शर्वाणी रडत होती की हसत होती ते कळेना. "आबा, सर दीड तास भिंगातून डोळा काढेनात! मग म्हणाले, असं कुलूप मी आजवर बघितलं नाही. आणि जोडी त्यांनी स्वतःच्या हातानं पेटीत ठेवली. काकूंना सांगा!" मी फोन द्वारकेच्या कानाला लावला. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "बरा झाला. जेवलंस काय?"

पुढं ती जात नवी ठरली, छापून आली, शर्वाणी डॉक्टर झाली. तिनं मला तो कागद पाठवला आहे. नाव लॅटिनमध्ये आहे, माझ्या जिभेला ते झेपत नाही. पण खाली पकडणाऱ्यांची दोन मराठी नावं आहेत, ती मला वाचता येतात.

त्या रविवारी रात्री द्वारकेनं अळम्यांचा रस्सा केला होता. शनिवारी एवढ्या गडबडीतही ती पदरात बांधून घेऊन आली होती. मी पहिला घास घेतला आणि हात थांबला. एकदम ध्यानात आलं. दर वर्षी मी अळमी आणायचो आणि ह्याच पाटावर बसून ती कशी आणली ते तिला सांगायचो. एकदा बिबट्याशी कुस्ती खेळून. एकदा अजगराला ओंडका समजून त्याच्यावरून ओढा ओलांडून. एकदा चार गावांच्या सीमेवर एका जोगिणीनं दिली म्हणून. एकोणतीस वर्षं. आणि ती भात वाढत ऐकायची, मध्येच "अगो बाय!" म्हणायची, बिबट्या कुठल्या अंगानं आला ते विचारायची.

"तुका सगळा ठाऊक होता," मी म्हणालो. "मगे ऐकून कित्याक घेयस?"

"बरा वाटायचा."

"खोटा आसान?"

"दर वर्सा येगळी आसायची." तिनं माझ्या पानात आणखी रस्सा वाढला आणि समोर पाट ओढून बसली. "यंदाची सांगूक नाय अजून तुमी."

मी घसा खाकरला. पण त्या दोन दिवसांत खरंच इतकं घडलं होतं की खोटं सुचायला मला बराच वेळ लागला.